अर्जातील धर्माचा रकाना

कायद्याच्या अभ्यासक्रमांच्या प्रवेशाचे दिवस आले, म्हणजे नंदुरबारच्या आमच्या कचेरीत अशिलांच्या बरोबरीने विद्यार्थ्यांचीही वर्दळ सुरू होते. शहादा, तळोदा, नवापूर या बाजूंनी पहिल्या एस्.टी.ने निघालेली ही मुले प्लॅस्टिकच्या पिशवीत गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला आणि आजोबांच्या नावाचा एखादा जीर्ण उतारा जपून आणतात. गेल्या हंगामात शहादा तालुक्यातील अशीच एक मुलगी वडिलांसह आली. ती पदवी परीक्षा उत्तीर्ण झाली होती आणि तीन वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाच्या सामायिक प्रवेश परीक्षेचा अर्ज तिने भरला होता. त्या अर्जाची छापील प्रत तिने आमच्यापुढे ठेविली. जातीच्या रकान्यात दाखल्याप्रमाणे जात होती; धर्माच्या रकान्यात 'हिंदू' असे होते. ज्या घरात आजोबांपासून बुद्धवंदना होते, ज्या घरातील लग्ने बौद्ध पद्धतीने लागतात, त्या घरातील मुलीच्या अर्जावर हा शब्द कोठून आला, असे आम्ही विचारले. ती म्हणाली, "सेंटरवाल्या दादांनीच टाकलं, साहेब. म्हणाले, बौद्ध लिहिलं तर एस्.सी.ची सीट जाईल." वडील खाली पाहत होते. थोड्या वेळाने म्हणाले, "पोरीचं वरीस वाया जायला नको, म्हणून मी हो म्हटलं."

वाचकहो, या प्रसंगात दोष कोणाचा, हे विचारण्यापूर्वी ही भीती कोठून आली ते पाहिले पाहिजे. कारण ती निराधार नव्हती. एके काळी ती कायदाच होती. १९५० साली निघालेल्या अनुसूचित जातींच्या आदेशातील तिसऱ्या परिच्छेदाने हिंदू धर्माखेरीज अन्य धर्म मानणाऱ्या व्यक्तीस अनुसूचित जातीची मानू नये, असे ठरविले. १९५६ मध्ये दुरुस्ती होऊन त्यात शीख धर्माचा समावेश झाला. त्याच वर्षी १४ ऑक्टोबर रोजी नागपूर येथे बाबासाहेबांनी लक्षावधी अनुयायांसह धम्मदीक्षेचा सोहळा केला, आणि दीक्षा घेणारा प्रत्येक जण त्या परिच्छेदाच्या कक्षेबाहेर गेला. सवलती जातील हे ठाऊक असूनही आमच्या वाडवडिलांनी ते पत्करले, ही गोष्ट आज आम्ही फार सहजपणे विसरतो. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आल्यावर राज्य शासनाने आपल्या अखत्यारीतील सवलती नवबौद्धांना दिल्या. तथापि केंद्राचे दार बंदच राहिले. परिणामी एकाच घरातील एकच मुलगा राज्याच्या अर्जावर 'नवबौद्ध' आणि केंद्राच्या अर्जावर 'हिंदू', असा दुहेरी संसार आमच्या समाजातील अनेक कुटुंबांना पिढीभर करावा लागला.

त्या काळाचे बोलके उदाहरण म्हणजे पंजाबराव विरुद्ध मेश्राम हा खटला. १९६२ च्या निवडणुकीत नागपुरातील राखीव मतदारसंघातून विधानसभेवर निवडून आलेल्या श्री. डी. पी. मेश्राम यांनी बौद्ध धर्म स्वीकारला असल्याने ते अनुसूचित जातीचे राहिले नाहीत, असा आक्षेप घेण्यात आला, आणि १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला. विधीच्या विद्यार्थ्याने हा निकाल अवश्य वाचावा. त्याचा परिणाम आमच्या विरुद्ध गेला खरा. परंतु धर्म 'मानणे' या शब्दाचा न्यायालयाने लाविलेला अर्थ मात्र आजही आमच्या कामाचा आहे. धर्म मानणे म्हणजे तो केवळ मनात बाळगणे नव्हे, तर जुना धर्म सोडून नवा स्वीकारल्याचे उघडपणे सांगणे, असे न्यायालयाने म्हटले. मग अर्जातील धर्माचा रकाना म्हणजे तरी दुसरे काय? सरकारने छापून दिलेली, उघडपणे सांगण्याचीच ती जागा आहे.

१९९० मध्ये संसदेने तिसऱ्या परिच्छेदात बौद्ध धर्माचा समावेश केला. त्या दिवसापासून हिंदू, शीख आणि बौद्ध या तिघांची स्थिती या परिच्छेदापुरती एकसारखी झाली. बौद्ध लिहिल्याने अनुसूचित जातीचा हक्क जातो, हे १९८९ साली केंद्राच्या अर्जापुरते खरे होते. आज ते राज्याच्याही अर्जाला लागू नाही आणि केंद्राच्याही नाही. इतके असून तीन दशकांनंतरही एखाद्या संगणक केंद्रातील तरुण तेच सांगतो, आणि सुशिक्षित बाप ते ऐकतो. कायदा बदलला, पण भीतीला त्याची प्रत पोचली नाही! प्रस्तुत लेखकही यास अपवाद नाही. आम्ही स्वतः विधी महाविद्यालयाचा अर्ज भरला, तेव्हा ही दुरुस्ती होऊन बरीच वर्षे लोटली होती; तरी धर्माच्या रकान्यात आम्ही आडवी रेघ मारली. रेघ मारली की खोटेही बोलले नाही आणि खरेही सांगितले नाही, असे त्या वेळी आम्हांस चातुर्य वाटले. त्या रेघेची आठवण आजही सुखाची नाही.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात बौद्धांची संख्या ६५ लाख ३१ हजार भरली. दीक्षाभूमीवर दर वर्षी लोटणारा जनसागर पाहणाऱ्याला हा आकडा तोकडा वाटला, तर नवल नाही. प्रगणकाने विचारले नाही, किंवा विचारले आणि आपण सांगितले नाही, किंवा सांगितले आणि सवलतीच्या भीतीने पुन्हा खोडले: या तिन्ही गोष्टी आम्ही आमच्याच वस्तीत पाहिल्या आहेत. २०२७ ची जनगणना जातींच्या नोंदीसह करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०२५ मध्ये जाहीर केला. प्रवेशअर्जाच्या रकान्यात जो हात कचरतो, तो तेथेही कचरणार.

तेव्हा अर्जात नेमके काय लिहावे? धर्म: बौद्ध. प्रवर्ग: अनुसूचित जाती. जात: दाखल्यावर जी आहे ती, त्याच अक्षरांत. या तीन उत्तरांत परस्पर विरोध नाही. मात्र दाखल्याविषयी एक सावधगिरी हवी. 'नवबौद्ध' हा शब्द राज्य शासनाच्या व्यवहारातील आहे. केंद्राच्या यादीत तो नाही, तेथे जातींची नावे आहेत. महाराष्ट्राच्या यादीत महार ही जात ३७ व्या क्रमांकावर आहे. म्हणून ज्या दाखल्यावर केवळ 'नवबौद्ध' असा मोघम उल्लेख आहे, तो केंद्राच्या यादीवर चालणाऱ्या जागांसाठी, राष्ट्रीय विधी विद्यापीठांतील अखिल भारतीय कोट्यासाठी वा केंद्राच्या शिष्यवृत्तीसाठी अपुरा पडतो. अमुक अनुसूचित जातीतून बौद्ध धर्मात धर्मांतरित, असा जातीच्या नावासह दाखला प्रांत कचेरीतून वेळेवर काढून ठेवावा. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील राष्ट्रीय विधी विद्यापीठांकडे आमच्या जिल्ह्यातील मुलांनी पाहावे, असे आम्ही नेहमी सांगतो. परंतु परीक्षेत गुण मिळवून कागदासाठी परत फिरलेली मुलेही आम्ही पाहिली आहेत.

येथे आमच्याच काही निष्ठावंत बांधवांचा आक्षेप पुढे येतो. ते म्हणतात, बावीस प्रतिज्ञा घेतल्यावर जातीचा रकाना भरायचा कशाला? जात सोडण्यासाठी धर्म सोडला, आणि पुन्हा स्वतःच्या हाताने तेच नाव लिहायचे! हा आक्षेप प्रामाणिक आहे. त्याची टर उडवू नये. परंतु वकिलीतील एक साधी गोष्ट ध्यानात घ्यावी. मारहाणीच्या फिर्यादीत जखमी माणूस सरकारी दवाखान्यातील जखमेचा दाखला दाखल करतो. त्या जखमेचा त्यास अभिमान असतो काय? ती जखम म्हणजे त्याची ओळख असते काय? जखम दुसऱ्याने केली. दाखला हा तिचा पुरावा आहे, आणि पुरावा दडविला तर लाभ मारणाऱ्याचा होतो. जातीचा दाखला हा तसाच पुरावा आहे. धर्माचा रकाना मी कोण ते सांगतो. जातीचा रकाना माझ्या घराण्याशी कसे वागण्यात आले ते सांगतो. दोन्ही खरे आहे. ज्याने पहिल्या रकान्यात 'हिंदू' लिहिले, तो मात्र पंचशीलातील खोटे न बोलण्याचे शील मोडतो, आणि तेही ज्या लाभासाठी मोडतो, तो लाभ त्याला खरे बोलूनही मिळत असताना!

दुसरा वर्ग याच्या उलट टोकाचा आहे. शहरात शिकलेली काही हुशार मुले प्रवर्गाचा रकानाच 'खुला' असा भरतात. राखीव जागेवर आलो असे कोणी म्हणू नये, ही त्यांची इच्छा. तिच्यामागची बोच आम्ही ओळखतो. वसतिगृहातील कुजबुज आम्हीही ऐकली आहे. पण हा हिशेब कायद्याच्या दृष्टीने चुकीचा आहे. राखीव प्रवर्गातील जो उमेदवार स्वतःच्या गुणांवर खुल्या जागेसाठी पात्र ठरतो, तो राखीव जागेत मोजला जात नाही, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९२ च्या इंद्रा साहनी निकालात सांगितले आहे. म्हणजे प्रवर्ग लिहिल्याने गुणवत्तेवरील निवड हिरावली जात नाही. न लिहिल्याने मात्र संकटकाळचा आधार आपल्याच हाताने तोडला जातो. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांप्रमाणे विधी प्रवेशाला खुल्या प्रवर्गासाठी शेकडा ४५ आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी शेकडा ४० गुणांची अट आहे. पदवीला शेकडा ४३ गुण पडलेल्या एका मुलाने 'खुला' लिहिले आणि तो अपात्र ठरला. त्याची समजूत घालताना आमच्याजवळ शब्द नव्हते.

जुन्या कागदांबद्दलही एक गैरसमज दूर केला पाहिजे. पडताळणी समितीपुढे अनुसूचित जातीच्या अर्जदाराने १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा वास्तव्याचा व जातीचा पुरावा द्यावयाचा असतो. तेव्हा दीक्षा झालेलीच नव्हती. म्हणून आजोबांच्या शाळेच्या निर्गम उताऱ्यावर वा कोतवाल बुकाच्या नोंदीत 'हिंदू महार' असे असणार, आणि पत्त्यात 'महारवाडा' असणार. नातवाच्या अर्जावर 'बौद्ध' आणि आजोबांच्या उताऱ्यावर 'हिंदू' हे पाहून मुले घाबरतात. घाबरण्याचे कारण नाही. त्या दोन शब्दांमध्ये १९५६ साल आहे, आणि ते समितीलाही ठाऊक आहे. डिसेंबर २०२० मध्ये राज्य शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय केला, ही उत्तम गोष्ट झाली. पण म्हणून जुन्या उताऱ्यातील नावावर कोणी शाई फिरवू नये. खाडाखोड केलेला एक कागद दहा खऱ्या कागदांना संशयित करतो. वडील, चुलते, सख्खे भाऊ-बहीण यांपैकी कोणाचे वैधता प्रमाणपत्र असेल, तर ते आधी जोडावे. रक्ताच्या नातेवाइकास समितीने दिलेली वैधता, फसवणूक वा अधिकारबाह्यता दिसत नसेल तर, पुढील अर्जदाराच्या बाबतीत मानली पाहिजे, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१० मध्ये सांगितले आहे.

आमच्या जिल्ह्यात शेकडा ६९ लोक अनुसूचित जमातींचे आहेत. अनुसूचित जातींची वस्ती २०११ च्या गणनेत शेकडा ३ देखील नव्हती. म्हणून आमच्या कचेरीत येणाऱ्या मुलांत भिल्ल, पावरा, कोकणी, मावची घरांतील मुले अधिक असतात. त्यांच्यापैकी ज्यांनी धम्म स्वीकारला आहे, त्यांच्यासाठी एवढेच पुरे की, अनुसूचित जमातींच्या १९५० च्या आदेशात धर्माची अट मुळीच नाही.

आता स्वतःविषयी लिहिण्याची गोष्ट. आपल्याकडील विधी महाविद्यालयांत प्रवेश परीक्षेच्या गुणांवर मिळतो. तेथे कोणी निबंध मागत नाही. परंतु पुढे परदेशी शिक्षणासाठी जाताना, राज्य शासनाच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीच्या वाटेने जाणाऱ्या मुलांना परकीय विद्यापीठापुढे 'मी कोण, आणि मला कायदा का शिकावयाचा आहे' हे दोन पानांत सांगावे लागते. अशी काही निवेदने आमच्याकडे तपासण्यास आली. बहुतेकांत दोन रोग दिसले. एकात आसवे इतकी की लिहिणारा दिसेना: दारिद्र्य, उपासमार, अपमान, आणि शेवटी कृपा करावी अशी याचना. दुसऱ्यात लिहिणारा इतका गुळगुळीत की तो नंदुरबारचा आहे की न्यूयॉर्कचा, हे कळेना. लहानपणापासून न्यायाची ओढ, नेतृत्वगुण, जगाची सेवा! पहिला दया मागतो, दुसरा लपतो. दोघांनाही वाटते की आपले खरे आयुष्य सांगण्याजोगे नाही.

वस्तुतः आमच्या जिल्ह्यातील मुलांनी कायदा पुस्तकात पाहण्यापूर्वी दारात पाहिलेला असतो. महार वतनाची जमीन हा घ्या एक विषय. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ वतने नाहीशी झाली. पण त्या जमिनींच्या सातबाऱ्यावरील शर्ती, परवानगीवाचून झालेली खरेदीखते आणि त्यांवरून चाललेली हेलपाटणी आजही संपलेली नाहीत. ज्या मुलीने दहावीत असताना वडिलांना तहसीलची नोटीस वाचून दाखविली आणि तिच्यातील एक शब्द कळला नाही म्हणून तीन माणसांना विचारले, तिने तेच लिहावे. अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांतील ३३ गावे सरदार सरोवराच्या बुडितात आली. त्यांतील एखाद्या घरच्या मुलाने पुनर्वसनाच्या जमिनीचा कागद कसा मिळाला वा मिळाला नाही, हे तारखांसह लिहावे. २००६ च्या वनहक्क कायद्याखालील दावा ज्याने आजोबांसाठी भरला, त्याने तो दावा का फेटाळला गेला आणि पुन्हा कसा दाखल केला, हे सांगावे. विशेषणे गाळावीत, तारखा ठेवाव्यात. अपमान झाला असेल, तर कोठे, केव्हा, आणि त्यानंतर आपण काय केले, हे लिहावे. यांतील तिसरे उत्तर वाचणाऱ्याला सर्वांत अधिक सांगते. अहिराणी वा पावरी घरात बोलली जाते, हेही लपवू नये. ज्या वकिलाला अशिलाची भाषा कळते, त्याची उलटतपासणी दुभाष्यावाचून होते, आणि हे शहरातल्या कोणत्याही वर्गात शिकविले जात नाही.

बाबासाहेबांचे उदाहरण येथे केवळ गौरवासाठी द्यावयाचे नाही. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेच्या रजिस्टरात 'भिवा रामजी आंबेडकर' या नावाची नोंद झाली. हा दिवस आता राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. तेथपासून लंडनच्या ग्रेज इनपर्यंत त्यांनी आपले नाव उघडपणे नोंदविले. बॅरिस्टर होऊन आल्यावर १९२३ मध्ये सनदेसाठी पैसे नव्हते, ते नवल भथेना या मित्राच्या मदतीने उभे राहिले. (सनदेचे शुल्क अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवाराकडून १२५ रुपयांपेक्षा अधिक घेता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये बजावले आहे, ज्या मुलांना पुढील खर्चाची धास्ती वाटते, त्यांनी हे टिपून ठेवावे.) ३१ जुलै १९३७ रोजी ते एका दाव्यासाठी धुळ्यास आले. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी वेगळा झाला, तोवर आमचे न्यायालयही धुळे जिल्ह्यातलेच. म्हणून लळिंगच्या लांडोर बंगल्यावर दर वर्षी ३१ जुलैला जमणाऱ्या मेळ्यात आमच्याकडील माणसेही असतात. त्या मेळ्यात अभिवादन करून परतलेला तरुण दुसऱ्याच दिवशी अर्जात 'हिंदू' लिहितो, तेव्हा आम्हांस राग येत नाही, वाईट वाटते. धर्मांतराच्याच वर्षी, १९५६ च्या जूनमध्ये, पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईत सिद्धार्थ विधी महाविद्यालय सुरू केले. कायदा शिकणे आणि धम्म स्वीकारणे ही दोन कामे त्यांना एकाच वर्षी करावीशी वाटली, याकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

त्या मुलीचे पुढे काय झाले, ते सांगणे राहिले. अर्जात दुरुस्ती करण्याची मुदत सुदैवाने संपलेली नव्हती. 'हिंदू' काढून 'बौद्ध' असे तिने आमच्यासमोर स्वतःच्या हाताने केले. वडिलांनी दोन वेळा विचारले, "साहेब, सीट जाणार नाही ना?" आम्ही १९९० च्या कायद्याची प्रत छापून त्यांच्या हाती दिली आणि तिसरा परिच्छेद मराठीत समजावून सांगितला. त्यांनी कागदाची काळजीपूर्वक घडी केली, सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेविली, आणि आणखी एक प्रत मागितली. आम्ही विचारले, दुसरी कशासाठी? ते म्हणाले, "त्या सेंटरवाल्या पोराला देतो. आपल्या गावची अजून चार पोरं त्याच्याकडेच फारम भरणार आहेत."